अठरा तासांची काच

आमच्या प्रयोगशाळेत घड्याळं दोन होती. एक भिंतीवर, ते वर्षातले सहा महिने बंद. दुसरी घड्याळबाई, ती कधीच बंद पडली नाही. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर आली नाही. पहाऱ्यावरचा शिपाईसुद्धा तिला येताना पाहून मनगटावरचा काटा हलवून घ्यायचा.

मी तिथे टंकलेखक होते. बावीस वर्षं तिच्या समोरच्या टेबलावर बसले आणि ती जे सांगेल ते टाइप केलं. आता जे सांगणार आहे त्यातला निम्मा दोष माझ्या बोटांचा आहे, हे आधीच कबूल करते. उरलेल्या निम्म्याबद्दल तिला बोल लावायचा की नाही, ते ऐकून ठरवा. माझं अजून ठरलेलं नाही.

प्रयोगशाळा जनावरांच्या रोगांची. तळमजल्यावर दोन खोल्या, वर मोठ्या साहेबांची केबिन. गोठ्यांवरून लहान लहान बाटल्यांतून दूध यायचं. गाईला कासदाह झाला की कास तापते, दगडासारखी होते, दुधात गुठळ्या पडतात. आत कुठला जंतू आहे आणि त्याला कुठलं औषध चालेल, हे घड्याळबाईनं सांगायचं. दुधातले जंतू ती आधी वेगळे वाढवून घ्यायची. मग काचेच्या बशीसारख्या प्लेटमध्ये जेलीसारखं खाद्य ओतून त्यावर ते पसरायची आणि वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या चकत्या दाबून बसवायची. दुपारी बरोबर चार वाजता प्लेटा उबेच्या कपाटात जायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाहेर यायच्या. अठरा तास. तोवर जंतूंची साय सगळ्या काचेवर धरलेली असायची. जे औषध चालतं, त्या चकतीभोवती मात्र स्वच्छ गोल वर्तुळ. ती पट्टीनं वर्तुळ मोजायची आणि मान वर न करता म्हणायची, "लागू." नाहीतर, "लागू नाही." मी टाइप करायची.

रिपोर्टाच्या छापील फॉर्मवर खाली एक रकाना होता: 'वाचनास उशीर झाल्यास कारण'. बावीस वर्षांत तो रकाना मी एकदाही भरला नाही. मला वाटायचं, छापणाऱ्यानं आमची थट्टा केली आहे.

वाचून झालं की घड्याळबाई चिमट्यानं एकेक चकती उचलून फिनाइलच्या बाटलीत टाकायची. आमच्या प्लेटा जुन्या, काचेच्या, धुऊन पुन्हा वापरायच्या. चकत्या तशाच राहिल्या तर सिंक तुंबायचं, आणि सिंक तुंबलं की शिपाई तुंबायचा. चकत्या काढून झाल्या की प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आमच्या त्या अवाढव्य प्रेशर कुकरमध्ये. पावणेअकराला टेबल पुसून कोरडं. "वाचलेली प्लेट म्हणजे संपलेली प्लेट," असं ती म्हणायची. दुसरं एक वाक्य तिच्या तोंडात कायम असायचं, "काच खोटं बोलत नाही."

हे वाक्य तिनं किती जणांच्या तोंडावर मारलं असेल! एखादा गोठेवाला कुरकुरत यायचा की बाई, तुमच्या रिपोर्टप्रमाणे औषध दिलं, गाय बरी झाली आणि महिन्यात पुन्हा आजारी पडली. ही चष्म्यावरून बघायची.

"किती दिवस दिलं?"

"पाच."

"सांगितलं होतं किती?"

"पाचच, बाई."

"मग चार दिलं असशील."

तो बिचारा खाली मान घालून निघून जायचा. आम्ही हसायचो. मीही हसायची. डोस चुकवणारे महाभाग जगात नसतात असं नाही, पुष्कळ असतात. त्यामुळे तिचं बरोबर निघायचंही. पण दहातले सात चोर निघाले की उरलेल्या तिघांचं कुणी ऐकत नाही, तसं आमच्याकडे झालं होतं.

बाई वाईट नव्हती, हे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे. अंगात ताप असताना ती दहाच्या ठोक्याला प्लेटा वाचायला आली आहे. एका बड्या गोठ्याच्या मालकानं रिपोर्ट जरा सौम्य करा म्हटलं, तेव्हा तिनं त्याला त्याचीच बाटली परत दिली. आणि घरी तिनं धाकट्याला वाढवलं. आई गेली तेव्हा ही एकोणीस वर्षांची, भाऊ अकरा. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "पदरात एक पोर आहे, तेवढं पुरे." पोर चाळिशीला आलं तरी तिच्यासाठी ते 'धाकटा'च होतं, आणि म्हणून आमच्याही सगळ्यांसाठी.

धाकटा एका मोठ्या गोठ्यावर गाई पिळायचा, त्यांची औषधंही तोच करायचा. सायकलवरून दुधाच्या बाटल्या घेऊन आठवड्यातून दोनदा आमच्याकडे यायचा. बोलणं इतकं हळू की गाईंखेरीज इतरांना ऐकू जाऊ नये. तो आला की घड्याळबाईला हटकून एक गोष्ट आठवायची. लहानपणी कडू औषध दिलं की हा जिभेखाली धरून ठेवायचा आणि पाठ वळली की मोरीत थुंकायचा. मोरीच्या फरशीवर पिवळा डाग पडला, तेव्हा हिला कळलं. ही गोष्ट तिनं त्याच्यासमोर आम्हाला वीस वेळा तरी सांगितली असेल. तो हसायचा. गोष्ट प्रेमानंच सांगितलेली असायची, पण ती पुढे त्याच्या गळ्याशी येईल असं कुणाला वाटलं होतं?

त्या गोठ्यात एक गाय होती, वाकडशिंगी. एका सकाळी तिची कास दुखत असताना धाकटा पिळायला बसला आणि तिनं लाथ झाडली. नडगीचं हाड मोडून बाहेर आलं. शेणामातीत पडलेला पाय. दवाखान्यात पोलादी पट्टी आणि स्क्रू घालून हाड बसवलं. दोन महिन्यांत तो चालायला लागला आणि मग जखमेतून पू आला. दवाखान्यानंही तपासणी केली, आमच्यासारखीच, चकत्यांची. औषध लागू. सहा आठवडे गोळ्या. जखम सुकली. अडीच महिन्यांनी पुन्हा लाल गाठ, पुन्हा भोक, पुन्हा पू. पुन्हा तपासणी, पुन्हा तेच औषध लागू. पुन्हा सहा आठवडे. असं तीनदा.

इकडे वाकडशिंगीचंही तेच. तिच्या दुधाची बाटली दर महिना-सव्वा महिन्याला आमच्या टेबलावर. औषध दर वेळी लागू. पाच दिवस सडात औषधाच्या नळ्या सोडायच्या, दूध स्वच्छ व्हायचं, आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा गुठळ्या. नळ्या सोडणारा धाकटा.

वर्षभर हे चालल्यावर गोठ्याचा मालक स्वतः आला. म्हणाला, "बाई, नेमकं काय चुकतंय ते लिहूनच द्या."

घड्याळबाईनं प्लेट खिडकीशी धरली, वर्तुळ मोजलं. मग रिपोर्टाच्या तळाला, शेरा लिहायच्या जागी, मला सांगितलं, "लिही. औषध लागू. उपचार अपुरा दिलेला दिसतो."

माझी बोटं थांबली. उपचार कोण देतं हे मला माहीत होतं, तिला तर होतंच. मी हळूच म्हटलं, "अहो, हे लिहायलाच हवं का?"

"भाऊ आहे म्हणून नको लिहू? मग परवा आलेल्या गोठेवाल्याला काय तोंडानं बोलले मी?"

मी टाइप केलं. चार दिवसांनी धाकट्याला कामावरून काढलं.

पाचव्या दिवशी तो आमच्याकडे आला. सायकल नव्हती, लंगडत आला होता, खांद्याला एक फुगलेली कापडी पिशवी. टेबलापाशी उभा राहिला. तो रागावला असेल असं मला वाटलं होतं, पण तो नुसता बावरलेला दिसत होता.

"ताई, मी एक डोस चुकवला नाही. तिचाही नाही, माझाही नाही."

"डॉक्टरांनी काय सांगितलं? औषध लागू आहे ना?"

"आहे."

"मग?"

"मग मला काय माहीत. मी घेतलं, एवढं मला माहीत आहे."

"काच खोटं बोलत नाही, धाकट्या."

"म्हणजे मी बोलतो?"

शिपाई धरून खोलीत आम्ही चार माणसं होतो. ती म्हणाली, "लहानपणापासून."

त्याचा हात पिशवीत गेला होता. आत काहीतरी चुरचुरलं. मला वाटलं, कुणासाठी खाऊ घेतला असेल. त्यानं हात तसाच बाहेर काढला, रिकामा. "बरं," म्हणाला आणि निघून गेला. घड्याळबाईनं पुढची बाटली उचलली. मी त्याच्या मागे जायला हवं होतं. गेले नाही. त्या वेळी मला कंटाळा आला होता, या दोघांच्या भांडणाचा कंटाळा, हे खरं कारण आहे आणि ते सांगायची मला लाज वाटते.

आठ महिने तो आला नाही. एका बर्फाच्या गोदामावर राखणदार म्हणून बसायचा, जवळच खोली घेऊन राहायचा. ही फोन करायची.

"पाय कसा आहे?"

"बरा आहे."

"नक्की?"

"बरा आहे, ताई."

फोन ठेवला की ती म्हणायची, "बघ, आता नीट गोळ्या घेतो म्हटल्यावर पाय बरा राहिला की नाही!" मी मान डोलवायची. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपायला लागली होती. धाकटा गोठ्यावरून गेला, त्याच्या जागी मालकाचा जावई औषध करायला लागला, तरी वाकडशिंगीच्या बाटल्या येतच राहिल्या. औषध लागू, महिनाभर बरी, पुन्हा आजारी. मी एकदा बोलून दाखवलं. घड्याळबाई म्हणाली, "जावईही चुकारच." आता यावर काय बोलणार? हिच्या हिशेबानं जगात दोनच खरी माणसं होती, एक ती आणि दुसरी काच.

मग तो शुक्रवार आला. सकाळी दहा. टेबलावर वाकडशिंगीच्या दुधाच्या तीन प्लेटा. तिनं वाचल्या, मला सांगितलं, "लागू." चिमटा घेऊन चकत्या काढल्या, बाटलीत टाकल्या. शेवटची चकती काढली आणि फोन वाजला. धाकटा गोदामावर तापात बेशुद्ध पडला होता, लोकांनी त्याला दवाखान्यात नेलं होतं. ती तशीच उठली. प्लेटा टेबलावर, चिमटा प्लेटांशेजारी. बावीस वर्षांत तिचं टेबल मी असं कधी पाहिलं नव्हतं.

त्या प्लेटांचं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. ऑटोक्लेव्हला हात लावायची मला परवानगी नव्हती, आणि जिवंत जंतू टेबलावर उघड्यासारखे पडलेले मला बघवत नव्हते. म्हणून मी अतिशहाणपणा केला. हातमोजे घातले, झाकणं नीट बसवली आणि प्लेटा जिथून आल्या होत्या तिथे, उबेच्या कपाटात, परत ठेवून दिल्या. कपाट बंद केलं की डोळ्यांआड. आमच्या नियमांत ही चूकच होती.

सोमवारी पावणेदहाला ती रजेचा अर्ज द्यायला आली. तीन दिवस दवाखान्यात बसून चेहरा उतरला होता. धाकट्याचा ताप ओसरला होता, पण पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा झाला होता. अर्ज लिहिता लिहिता ती थांबली. "त्या दिवशीच्या प्लेटा?"

मी चाचरत सांगितलं. ती माझ्यावर ओरडणार, म्हणून मी कानांची तयारी केली. तिनं कपाट उघडलं, वरची प्लेट काढून खिडकीशी धरली आणि ओरडली नाही. खुर्ची ओढून खाली बसली. प्लेट वाचताना ती बसली, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"इकडे ये," ती म्हणाली. "मला दिसतंय ते तुला दिसतंय का?"

जिथे चकती होती, जिथे शुक्रवारी काच आरशासारखी स्वच्छ होती, त्या वर्तुळात बारीक ठिपके उगवले होते. पिवळसर, खसखशीच्या दाण्यांएवढे. तिन्ही प्लेटांवर.

पहिल्यांदा तिला वाटलं, माझ्या हाताची घाण लागली. मला तसं बोललीही. अर्ज फाडून टाकला, आणि दिवसा प्रयोगशाळा, संध्याकाळी दवाखाना असं सुरू केलं. ते ठिपके उचलून तिनं नव्या प्लेटवर वाढवले आणि पुन्हा चकती ठेवली. मला वाटलं होतं, हे जंतू आता औषधाला भीक घालणार नाहीत. पण अठरा तासांनी पुन्हा तेच स्वच्छ वर्तुळ, पूर्वीएवढंच. मग तिनं मुद्दाम पहिल्यासारखं केलं. चकत्या उचलल्या, चकतीच्या जागी ताज्या खाद्याचा थेंब सोडला, प्लेटा परत कपाटात. दोन दिवसांनी वर्तुळात ठिपके, पहिल्यापेक्षा जास्त.

प्लेटा घेऊन ती मोठ्या साहेबांकडे वर गेली. मी कागद घेऊन मागे. साहेबांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "हं. झोपलेले."

"म्हणजे?"

"म्हणजे बाई, हे औषध मारतं ते वाढत असलेल्या जंतूंना. लाखांतले काही वाढायचंच थांबवतात. खात नाहीत, पित नाहीत, पडून राहतात. औषध ओसरलं की उठतात आणि पुन्हा संसार थाटतात. औषधाला निर्ढावलेले जंतू वेगळे, ते औषध असतानाही वाढतात. ते तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसतात. हे तसे नाहीत. उठल्यावर मारले तर हेही मरतात. म्हणून दर वेळी तुमचं 'लागू' येतं."

"अठरा तासांत हे दिसत नाहीत?"

"चकती बसलेली असते तोवर औषध असतं. ते उठतील कशाला? आणि तुम्ही तर पावणेअकराला सगळं उकळून टाकता."

घड्याळबाईनं टेबलाची कड धरली. "हे तुम्हाला माहीत होतं?"

"पुस्तकातून. प्रत्येक दुखण्यात हेच असतं असंही नाही. आणि रिपोर्टात तसा रकाना नाही."

"माणसांतही होतं?"

"गाय काय, माणूस काय! जंतू आत शिरताना ओळखपत्र विचारत नाही. त्यातून हाडावर पोलाद असलं की त्याला चिकटून पडायला त्यांना जागाच मिळते."

जिना उतरताना ती मधल्या पायरीवर थांबली. म्हणाली, "त्यानं घेतल्या होत्या गं." मग दोन पायऱ्या उतरून, "सगळ्याच घेतल्या असतील."

प्लेट इमारतीबाहेर न्यायची नाही, हा नियम तिनं तेव्हाही मोडला नाही. कोऱ्या कागदावर वाटीनं वर्तुळ काढलं, आत पेन्सिलीनं ठिपके दिले, आणि आम्ही दवाखान्यात गेलो. खिडकीजवळच्या खाटेवर धाकटा पाय उशीवर ठेवून पडला होता. तिनं कागद त्याच्या हातात दिला. तो बघत राहिला, त्याला काही कळलं नाही. मग तिनं सगळं सांगितलं, औषध, झोप, उठणं. सांगताना तिचा आवाज प्रयोगशाळेतल्यासारखाच सरळ होता. शेवटी म्हणाली, "तू गोळ्या घेतल्या होत्यास, धाकट्या."

"हे मी सांगितलं होतं."

"हो."

"तेव्हा मी सांगितलं होतं. आता काचेनं सांगितलं."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. कागदाची नीट घडी करून त्यानं उशाशी ठेवला.

"पू कधीपासून येत होता?" तिनं विचारलं.

"पाच महिने झाले."

"पाच महिने! आणि फोनवर बरा आहे, बरा आहे? दाखवलं का नाहीस?"

"दाखवलं असतं तर पहिला प्रश्न कुठला आला असता, ताई?" तो म्हणाला. "गोळ्या घेतल्यास का. तुझाही तोच, डॉक्टरांचाही तोच. चौथ्यांदा मला उत्तर द्यायचं नव्हतं."

हाडांच्या डॉक्टरीणबाईंना घड्याळबाईनं गाठलंच. त्यांनी कागद पाहिला, मान हलवली. त्यांना हे नवं नव्हतं. म्हणाल्या, "पोलाद काढायचं, हाड खरवडायचं, दोन औषधं मिळून जास्त दिवस द्यायची, असं करता येतं. पाच महिन्यांपूर्वी आला असता तर मी बरीच खात्री दिली असती. आता प्रयत्न करते." त्यांनी केला. पोलाद काढलं, हाड खरवडलं. बारा दिवस आम्ही ताप मोजला. तेराव्या दिवशी त्यांनी तिला बाहेर बोलावलं. गुरुवारी गुडघ्याखाली पाय काढला. नातेवाइकाची सही तिनं केली, वेळ लिहायच्या जागी वेळसुद्धा लिहिली.

मला राग आला होता. तिचा, माझा, साहेबांच्या पुस्तकाचा, सगळ्यांचाच. जंतूंनी हाड खाल्लं हे खरं, पण ते पाच महिने आम्ही दिले त्यांना. मी टाइप केलेल्या एका ओळीनं दिले.

ऑपरेशनसाठी घेतलेली रजा संपवून कामावर आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते गोठ्यावर जाण्याचं. मीही गेले. मालकासमोर जुना रिपोर्ट ठेवून तिनं शेऱ्याची ओळ स्वतःच्या हातानं खोडली आणि खाली सही केली. मालक ओशाळला, म्हणाला, "बाई, आता वाकडशिंगीही इथे नाही आणि तुमचा भाऊही नाही. आता काय उपयोग?"

"उपयोग नाही," ती म्हणाली. "तरी खोडते."

तेव्हापासून, जो आजार पुन्हा पुन्हा उलटतो त्याच्या प्लेटा चकत्या काढून दोन दिवस जास्त कपाटात राहायला लागल्या, आणि त्यांच्या रिपोर्टाखाली तिच्या सांगण्यावरून मी एक ओळ टाइप करू लागले: 'औषध लागू असूनही आजार उलटू शकतो. उपचार देणाऱ्यास दोष देण्यापूर्वी पुन्हा तपासावे.' "काच खोटं बोलत नाही" हे मात्र त्यानंतर तिच्या तोंडून ऐकलं नाही. पण नेहमीचं वाचन दहालाच. सगळं सोडलं तरी अठरा तास तिनं सोडले नव्हते.

दोन-अडीच महिन्यांनी, एका सकाळी साडेनऊला, धाकटा आला. कुबड्यांवर, एकटा. खांद्याला तीच कापडी पिशवी. मी खुर्ची पुढे केली. बसला, दम खाल्ला, आणि पिशवी टेबलावर ठेवली.

"हे तुझ्याकडे ठेव," तो म्हणाला. "खोलीत जागा अडते."

तिनं पिशवी उघडली. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं, चांदीच्या कागदाची, रबर लावून केलेले तीन जाड गठ्ठे. प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर पेनानं तारखा. आणि खाली सुतळीत ओवलेली लहान लहान टोपणं, वाकडशिंगीच्या औषधाच्या नळ्यांची. गठ्ठा बाहेर काढताना तो चुरचुरला. तो आवाज मी ओळखला.

"हे कधीपासून ठेवलंस?" तिनं विचारलं.

"पहिल्यापासून. तू विचारशील, माहीत होतं. त्या दिवशी आणली होती दाखवायला."

तिनं पहिल्या गठ्ठ्याचा रबर काढला, वरचं पाकीट घेतलं आणि प्लेट धरायची तसं खिडकीशी धरलं. प्रत्येक खळगा फुटलेला होता, त्यातून उजेड येत होता. तारीख वाचली. पाकीट खाली ठेवलं. दुसरं घेतलं.

"आता कशाला, ताई?"

"बघू दे."

"ठाऊक आहे ना तुला आता?"

"ठाऊक आहे. बघायचं राहिलंय."

ती एकेक पाकीट बघत राहिली. भिंतीवरचं घड्याळ त्या दिवसांत नेमकं चालू होतं. दहा वाजले. उबेच्या कपाटात सहा प्लेटा तयार होत्या. शिपायानं दारातून डोकावून माझ्याकडे पाहिलं, भुवयांनी विचारलं. मी ओठांवर बोट ठेवलं. सवादहा झाले, साडेदहा. धाकट्यानं डोळे मिटून मान भिंतीला टेकली होती. पाकिटं संपल्यावर तिनं सुतळी घेतली आणि टोपणं एकेक करून बोटांनी सरकवली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. हात कामात होते.

"एकही राहिली नाही," ती म्हणाली.

"नाही," तो म्हणाला.

ती उठली, तोंड धुऊन आली, हातमोजे घातले आणि कपाट उघडलं. पट्टी घेऊन प्लेटा वाचल्या. मी टाइप करत गेले. वेळेच्या जागी आलं एकोणीस तास, दहा मिनिटं. मग खालचा तो रकाना आला, वाचनास उशीर झाल्यास कारण. बावीस वर्षांत तिथे काय लिहायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

"इथे काय लिहू?" मी विचारलं.

तिनं खुर्चीतल्या भावाकडे पाहिलं.

"लिही," ती म्हणाली, "भाऊ आला होता."